तक्रारीचा रकाना

पुण्याच्या पाण्यात साबण लगेच फेसतो.
पहिल्याच आठवड्यात कळलं ते, होस्टेलच्या मोरीत.
आमच्याकडे, खारपाणपट्ट्यात,
वडी झिजते पण फेस येत नाही,
अंगाला चिकटलेलं चिकटूनच राहतं.

तिथे मी जीभ धुतली.
'डोया' म्हटलं की खोलीतल्या दोघी पोट धरून हसायच्या,
म्हणून आरशासमोर, जीभ टाळूकडे वळवून,
डोळा. सकाळ. जवळ. काळजी.
रोज रात्री, गोळ्या मोजाव्यात तसे शब्द.
ळ बसला. ण बसला.
तीन वर्षांत इतकी स्वच्छ झाले
की फोनवर म्हटलं, "आई, मी जेवते आहे, नंतर बोलू?"
तर पलीकडून आवाज आला,
"कोन बोलून रायली व बाई? कोन पायजे?"

मी हसले.
मग भात गार होईपर्यंत बसून राहिले.

नोकरी मात्र मिळाली ती इकडेच, तेल्हारा तालुक्यात.
आरोग्य केंद्र, सहा खाटा, दारात कडुनिंब.
डॉक्टर सांगलीकडचे, नवे, भले.
पेशंट बोलायचे, डॉक्टर माझ्याकडे पाहायचे,
आणि मी मध्ये बसून भाषा गाळून द्यायची.
गाळणीत काय उरतं ते कोण बघतं.

पंचफुलाबाई इंगळे, वय अंदाजे साठ.
"भगभग होते, बाई. रातभर. डोयाले डोया लागत नाई."
मी सांगितलं: जळजळ होते, सर.
त्यांनी पोटाची गुलाबी बाटली लिहून दिली.
पंधरा दिवसांनी पुन्हा भगभग,
पुन्हा जळजळ, पुन्हा बाटली.
तिसऱ्या खेपेला तिनं रिकामी बाटली
धुऊन, पुसून टेबलावर ठेवली.
"दवाई ग्वाड हाय. पन ज्याचं जयते त्यालेच कयते, बाप्पा."

हे तर माझ्या आईचं वाक्य.
तव्यावर हात पोळला तरी हेच,
शेजारीण सल्ला द्यायला आली तरी हेच.
कानावर पडलं अन् माह्या तोंडातून निसटलं,
"कुठी भगभगते व माय? हात लावून दाखवजो बरं."

तिनं चप्पल काढली.
तयपाय दाखवले.
भेगा, भेगाईत काया वावराची रेघ,
अन् टाचेत तुराटीची काडी, मोडून रुतलेली,
तिले पत्ताच नोयता.

साखर निघाली तीनशे बारा.
डॉक्टर लय येळ त्या आकड्याकडं पाहत रायले.
मी काईच बोलली नाई.
शब्द चुकला नोयता माहा,
उलूसाच सरकला होता,
पोटापासून पायापरेंत.

पंचफुलाबाई चप्पल घालता घालता म्हने,
"तू त आपल्याच इकडची दिसतं.
मंग पयले काहून नाई बोल्ली?"
काय सांगू तिले.
साबन लय फेसत होता तिकडं, म्हनलं.
तिले वाटलं मी पाय धुवाचं सांगून रायली.

गायनी टांगून ठेवली खुटीले.
डॉक्टरले म्हनलं, लिहून घ्या, सर.
चिलक येगळी, ठनक येगळी.
'जीव उलूसा झाला' म्हनलं त आधी खुर्ची, मंग पानी.
अन् 'काई नाई बा, बरंच हाय' म्हननारा
सगयात पयले पाह्याचा.
त्याईनं लिहून घेतलं, वहीच्या मांगच्या पानावर.
आता ते बी इचारतात, "कुठी?"
ठ जरा जास्तच जोरात येते त्याईचा,
बाया पदरात हासतात,
पन पाय दाखवतात.

कम्प्युटरवर मात्र अडते.
तक्रारीच्या रकान्यात यादी हाय:
ताप, खोकला, जळजळ, इतर.
भगभग नाई.
मी 'इतर' दाबते.
खाली एका ओईची जागा उघडते,
तठी लिहिते, जसं आयकलं तसं:
तयपाय भगभगतात. रातच्याले.